एका पेशंटनं ट्रेंड होत नाही

ट्रेंड सरांना लघवीची किळस होती. किळस कुणालाही कशाचीही असू शकते, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण सरांनी उभ्या आयुष्यात ज्या एका आजारावर लिहिलं तो मूत्राशयाचा आजार होता, आणि ते ज्या विभागाचे प्रमुख होते त्याच्या तळमजल्यावर रोज सकाळी लघवीच्या बाटल्या रांगेनं मांडलेल्या असत. त्या खोलीवरून जाताना सर खिशातला इस्त्रीचा रुमाल नाकाला लावत, श्वास रोखून झपाझप चालत आणि जिना चढून आपल्या थंडगार केबिनमध्ये पोचले की मोठ्यानं श्वास सोडत. तो आवाज आम्हा विद्यार्थ्यांना खालपर्यंत ऐकू येई.

मी त्यांच्या हाताखाली तीन वर्षं शिकले. नागपूरच्या बाहेरच्या एका खाजगी वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी म्हणून मला प्रवेश मिळाला तेव्हा मी खूश होते. सरांचं नाव मोठं होतं. त्यांच्या केबिनबाहेरच्या फलकावर त्यांच्या लेखांची पहिली पानं चौकटीत लावलेली होती आणि जवळजवळ प्रत्येक मथळ्यात बिलहार्झिया हा शब्द होता. आफ्रिकेतल्या तळ्याकालव्यांतल्या गोगलगायींमधून एक कृमी पाण्यात उतरतो, पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतो, मूत्राशयाभोवतीच्या रक्तवाहिन्यांत घर करतो. त्याच्या अंड्याला एका टोकाला काटा असतो. ती अंडी मूत्राशयाची भिंत फाडत बाहेर येतात आणि माणसाला लाल लघवी होते. वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर कॅन्सरही होऊ शकतो. एवढा भयंकर विषय नागपुरात बसून अभ्यासणारा माणूस म्हणजे कुणीतरी थोर असणार, असं मला वाटलं होतं.

पहिल्या महिन्यात कळलं की सर बिलहार्झियाचा अभ्यास करत नाहीत. बिलहार्झियावर कोण कोण लिहितं, कुठल्या देशातून लिहितं, कुणाबरोबर लिहितं आणि मागच्या दशकापेक्षा यंदा जास्त लिहितं की कमी, याचा ते अभ्यास करतात. संगणकाला शब्द द्यायचा, जगातले लेख गोळा करायचे, त्यांची मोजदाद करायची आणि वर जाणारी एक रेघ काढायची. त्या रेघेला ते ट्रेंड म्हणत. म्हणून ते ट्रेंड सर. एकदा काढलेली रेघ दोन वर्षांनी पुन्हा काढता येते, तेव्हा तिचा नवा लेख होतो. मग आफ्रिकेपुरती, मग फक्त मुलांपुरती, मग फक्त बायकांपुरती. सरांचा फलक असा भरला होता.

"आजारावर कुणीही लिहितं," ते मला म्हणाले होते. "लिहिणाऱ्यांवर कोण लिहितं? सांग."

माझ्या प्रबंधाला त्यांनी तोच विषय दिला. मला प्रयोगशाळेतलं काही हवं होतं. हत्तीरोगानं दुधासारखी लघवी होणारी माणसं आमच्या विदर्भात आहेत, त्यांच्यावर काही करू का, असं मी भीत भीत विचारलं. सरांनी तोंड कडू केलं. "त्यासाठी गावोगाव हिंडावं लागेल. ऊन लागेल. हाती काय येईल? बाटल्या." घरी बाबांना हे सांगितलं. बाबा कळमन्याच्या बाजारात अडत्याकडे कामाला. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग तू बिमारीवर नाही, बिमारीवरच्या कागदाईवर डाक्टर होऊन राहिली काय वं?"

सरांच्या केबिनमध्ये भिंतभर जगाचा नकाशा होता. ज्या देशातून जास्त लेख तो देश गडद, कमी तो फिका, आणि कुणी कुणाबरोबर लिहिलं ते दाखवायला देशादेशांमध्ये दोरे. अमेरिका काळपट लाल. इंग्लंड तसंच. ज्या देशांतली पोरं खरोखर रक्त मुतत होती ते देश जवळजवळ कोरे. मला वाटायचं, सर यावर काहीतरी बोलतील. एकदा मीच म्हटलं, "सर, आजार जिथं आहे तिथं रंगच नाही." सर म्हणाले, "हो ना, छान निष्कर्ष आहे. चर्चेच्या भागात एक वाक्य टाक." लेखांवर लिहिलेले लेख त्या मोजणीत धरत नसत, म्हणून भारत त्या नकाशात पांढराफेक होता. आपल्याकडे हा आजार जवळजवळ नसल्यातच जमा, तेव्हा भारत पांढरा असणं बरोबरच होतं. सरांना मात्र त्याचं वाईट वाटे. आपण एकटे एवढे लेख लिहितो तरी नकाशात भारताला डाग पडत नाही, हे त्यांना लागायचं.

त्यांचा लाडका शब्द होता 'दुर्लक्षित'. हा आजार दुर्लक्षित आजारांच्या यादीत आहे हे सांगताना त्यांचा आवाज असा भरून येई की नवख्याला वाटावं, आता रडतील. परिषदांमध्ये ते याच शब्दानं सुरुवात करत. पण चहा घेताना मोकळं बोलत. "मलेरियात जा, क्षयात जा, नुसती गर्दी. पुढे बसायला जागा नाही. आपला आजार कसा, मोकळा आहे." कुणी नवा गट या आजारावर लस शोधतोय अशी बातमी आली की सर दिवसभर अस्वस्थ असत. मी हे रंगवून सांगत नाही. "उद्या आजारच गेला तर?" असं त्यांनी मला विचारलंय, आणि त्या प्रश्नात आनंद नव्हता.

इतकं सांगितल्यावर हेही सांगायला हवं की माणूस दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर सोपं झालं असतं. लेख छापून आला की ते संत्रा बर्फीचे डबे घेऊन येत आणि झाडूवालीपासून अधिष्ठात्यांपर्यंत सगळ्यांना स्वतः वाटत, तळमजला सोडून. तिथला डबा शिपायाच्या हाती जाई. माझं इंग्रजी कच्चं होतं. सरांनी माझं एकेक वाक्य समोर बसवून दुरुस्त केलं, कंटाळा न करता. शेवटच्या परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकानं माझ्या आडनावावरून काहीतरी तिरकस विचारलं तेव्हा सर खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "विषयावर विचारा. नाहीतर चहा घ्या." नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घराण्यातला, शुद्ध बोलणारा, कडक इस्त्रीचा माणूस. त्या क्षणी मला त्यांचा अभिमान वाटला, आणि त्यांची कीव करणं मला पुढे त्यामुळेच जड गेलं.

मी दुसऱ्या वर्षाला असताना रामटेके काका आले.

खापरखेड्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर काम करून निवृत्त झालेले, साधारण साठीचे, अंगानं काटक पण चेहरा उतरलेला. बरोबर काकू. आमच्या रुग्णालयातल्या मूत्ररोगाच्या सर्जननी त्यांची लघवी तपासायला पाठवली होती आणि काका बाटली देऊन बाकावर बसले होते. सोनोग्राफीत मूत्राशयात गाठ दिसली होती. सोमवारी ऑपरेशन होतं. कागदावर कॅन्सर हा शब्द प्रश्नचिन्हासह लिहिला होता. काकूंना प्रश्नचिन्ह दिसलं नव्हतं.

"किती दिवसांपासून रक्त जातंय, काका?" मी विचारलं.

"दोन साल झाले जी. आधी खडे म्हणे. मंग टीबी म्हणे. टीबीच्या दवाईनं लघवी अशी संत्र्यावानी व्हाची. म्या सांगतलं, साहेब, रक्त जाऊन राहिलं. तं साहेब म्हणे, दवाईचा रंग हाय तो."

टीबीच्या एका गोळीनं लघवी नारिंगी होते, हे खरंच आहे. त्या रंगाखाली या माणसाचं रक्त महिनोन् महिने लपलं. काकू मध्येच म्हणाल्या, "घराभायेर नाही निंघत मॅडम हे. लगनाले नाही, मैताले नाही. मुतारीत कोनी पाह्यलं तं काय म्हनन, असं म्हंते."

मी सहज विचारायचं म्हणून विचारलं की नोकरीत कुठं कुठं राहिलात. काका म्हणाले खापरखेडा, मग कोराडी, मग परत खापरखेडा. "आन् रिटायर झाल्यावर दोन साल मलावी."

"कुठं?"

"मलावी जी. आफ्रिका. साखर कारखान्यात बॉयलरवर ठेक्यानं गेलतो. आमी आपल्या इकडचेच पाच-सहा जन होतो."

माझ्या हातातलं पेन थांबलं. मलावीवरचे लेख मी आदल्या वर्षभर वाचत होते, म्हणजे सरांच्या रेघेसाठी त्यांची मोजणी करत होते. तिथलं मोठं सरोवर, उसाचे कालवे, त्यातल्या गोगलगायी, सगळं मला तोंडपाठ होतं.

"तिकडे पाण्यात उतरायचात का, काका?"

"रोज! गरमी बम. ड्युटी सुटली का कालव्यात. मस्त थंडगार पानी. आमी पोट्ट्यावानी पोहाचो." एवढ्या वेळात पहिल्यांदा ते हसले.

मी त्यांना दुसरी बाटली दिली. या आजाराची अंडी दुपारच्या सुमाराला आणि थोडी हालचाल केल्यावर जास्त येतात, हेही मी कुठल्याशा लेखात वाचलं होतं. दुपारपर्यंत थांबवून त्यांना जिने चढायला-उतरायला लावलं. काकूंना वाटलं, ही पोरगी मस्करी करतेय. मग ती लघवी यंत्रात गरगर फिरवून तळाचा गाळ काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. थोडा वेळ नुसत्या लाल पेशी दिसल्या. काच सरकवली. आणि ते दिसलं. लांबट, पिवळसर, आणि एका टोकाला काटा. शेजारी आणखी एक. मी ते आधी कधीच पाहिलं नव्हतं, तरी मला एका क्षणाचीही शंका आली नाही. मला एकदम रडू आलं, कारण या आजारावर गोळ्या आहेत. कॅन्सर नसेल तर हा माणूस एका दिवसाच्या गोळ्यांनी सुटू शकत होता.

मी धावत जिना चढले.

सर परिषदेतल्या भाषणाची चित्रं जुळवत होते. मी धापा टाकत सांगितलं. ते पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "भारतात हा आजार नाही."

"सर, पेशंट मलावीत होता."

"मग तो मलावीच्या आकड्यात जाईल."

"सर, सोमवारी त्यांचं ऑपरेशन आहे. रिपोर्टवर तुमची सही लागेल. एकदा खाली येऊन बघता का?"

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर मला कुतूहल दिसायला हवं होतं. ज्या प्राण्यावर या माणसानं आपलं घर, नाव, पदोन्नती उभी केली तो प्राणी एक जिना खाली होता. त्यांच्या चेहऱ्यावर होती फक्त कटकट. "हे बघ, एका पेशंटनं ट्रेंड होत नाही. स्फटिक असेल एखादा. दिल्लीच्या लॅबला पाठव, ते सांगतील. चुकीच्या रिपोर्टवर सही केली तर हसं माझं होईल, तुझं नाही."

दिल्लीचं उत्तर यायला आठवडे लागले असते. मी सर्जनकडे गेले. ते भले गृहस्थ होते, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी थांबतो, पण कागद पाहिजे. विभागप्रमुखांचा." मग त्यांनीच सरांना फोन लावला आणि मोठ्या आदरानं म्हणाले की तुमच्याच विषयातला पेशंट आमच्या नशिबानं आला आहे, आता जगात तुमच्याहून मोठा जाणकार आम्ही कुठे शोधायचा. फोनवर सरांचा आवाज बदललेला मला ऐकू आला. स्तुतीला नाही म्हणणं त्यांना जमत नसे.

संध्याकाळी, तळमजल्यावरची माणसं घरी गेल्यावर सर खाली उतरले. तोंडावर मास्क, हातात एकावर एक दोन मोजे. खुर्चीच्या कडेवर टेकले. मी अंडं बरोबर मध्यभागी आणून ठेवलं होतं आणि फक्त बघा म्हटलं होतं. त्यांनी डोळा लावला, हात लावू नये त्याच चाकाला लगेच हात लावला, काच सरकली. त्यांनी दुसरं चाक फिरवलं. बराच वेळ बघत राहिले. मान हलवली.

"हं. स्पष्ट आहे. काटा किती सुंदर दिसतोय."

ते उठले आणि मोजे काढायला बेसिनकडे गेले. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मध्यभागी काचेखाली अडकलेला हवेचा एक गोल बुडबुडा होता, काळ्या कडेचा. शेजारीपाजारी अंडं नव्हतं. काटा तर नव्हताच.

सरांनी बेसिनपाशी हात चोळून चोळून धुतले, वर जाऊन रिपोर्टवर सही केली आणि खाली तारखेसह आपल्या पदव्या लिहिल्या. मी तो कागद घेऊन सर्जनकडे पळाले. ऑपरेशन थांबलं. गाठीचा फक्त एक बारीक तुकडा काढून पाहिला. त्यात अंडी सापडली, कॅन्सर नव्हता. म्हणजे सही खरी निघाली. ज्याला काहीच दिसलं नव्हतं त्या माणसाची सही खरी निघाली, आणि खोटेपणाबद्दल त्या माणसाला मी कधी काही बोलू शकले नाही, कारण त्या खोटेपणानंच काका टेबलावरून वाचले होते.

पण गोळ्या मिळेनात. गांधीबागेतल्या औषधांच्या ठोक बाजारात मी दुकानामागून दुकान पालथं घातलं. एकानं गुरांच्या गोळ्या चालतील का म्हणून विचारलं. मी हताश होऊन केबिनमध्ये आले आणि सरांना सांगितलं. वाटलं होतं, म्हणतील, तो आपला विषय नाही. सरांनी फोन उचलला, मुंबईत एका औषध कंपनीत असलेल्या आपल्या भाच्याला लावला आणि त्यानं काही कारण सांगताच ओरडले. "काहून नाही भेटून राहिली बे? कंपनीत काय झक मारून राहिला मंग तू? उद्या सकायी गोया नागपुरात पाह्यजे!"

मी आ वासून बघत होते. तीन वर्षांत मी त्यांच्या तोंडून तेवढंच खरं बोलणं ऐकलं. गोळ्या दुसऱ्या दिवशी विमानानं आल्या.

त्यानंतरचं मात्र पुन्हा सरांना शोभेलसं. काकांना बरं वाटू लागण्याच्या आत त्यांच्यावरचा लेख तयार होता. त्यात सर पहिले, मी तिसरी. दुसरे अधिष्ठाता, ज्यांना या आजाराचं नाव नीट उच्चारता येत नसे. काका 'एक पुरुष रुग्ण' झाले. नकाशाची नवी प्रत छापून आली तेव्हा सरांनी मला हाक मारून बोलावलं. पांढऱ्या भारतावर फिकट पिवळा रंग चढला होता. "भारत आला बघ!" ते म्हणाले. परिषदेतल्या भाषणात त्यांनी सूक्ष्मदर्शकाखालच्या त्या अंड्याचं मी काढलेलं छायाचित्र दाखवलं आणि ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच्या रोमांचाचं वर्णन केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण शेजारी बसलेले वाजवत होते.

काकांबरोबर मलावीला गेलेल्या इतरांनाही तपासायला हवं होतं. सर म्हणाले, समितीची परवानगी, निधी, मग बघू. "आणि पाच-सहांनी तरी काय होणार आहे?" मी एका रविवारी बसनं खापरखेड्याला गेले. काकांनी वसाहतीत सगळ्यांना निरोप दिला होता. एक जण रागानं आला, एक जण लाजत आला, एक कुहीहून धानाची कामं सोडून आला. कधीपासून रक्त जातंय हे त्यांनी बायकांनासुद्धा सांगितलं नव्हतं. त्यांच्यातल्या दोघांत अंडी निघाली. एकाचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. पोरीकडच्यांना कुठून तरी कळलं होतं की मुलाला 'तसला' रोग आहे. त्याला मी सांगितलं की हा पाण्यातला कृमी आहे, कुणाकडून लागत नाही, कुणाला लागत नाही. तो म्हणाला, "हे तुमी माह्या बापाले सांगान का, मॅडम? मी सांगतलं तं पटनार नाही त्याले." मी त्याच्या घरी जाऊन सांगितलं. माझ्या सगळ्या शिक्षणात मी केलेलं हे पहिलं काम, असं मला परतीच्या बसमध्ये वाटलं.

बरं झाल्यावर काका-काकू सरांचे आभार मानायला आले. नातेवाइकाच्या शेतातले तांदूळ आणले होते, पिशवीभर. काका वाकून पायाशी हात नेणार तेवढ्यात सर दोन पावलं मागे सरकले, थेट नकाशापर्यंत. "नमस्कार, नमस्कार, असू द्या," असं म्हणत त्यांनी हात पाठीमागे घेतले. ते का सरकले हे मला कळलं. काकांना वाटलं, मोठा माणूस नम्र आहे. पिशवी सरांनी मला घेऊन जायला सांगितली. तो भात आम्ही घरी खाल्ला. बाबा म्हणाले, गोड आहे.

सर निवृत्त झाले तेव्हा मी तिथेच शिकवायला लागले होते. निरोपाच्या भाषणात त्यांच्या लेखांची संख्या चार जणांनी सांगितली आणि चौघांची वेगवेगळी निघाली. सरांनी तिथल्या तिथे दुरुस्त केली. जाताना मला म्हणाले, "तू मुळात हुशार आहेस. बाटल्यांत वेळ घालवू नकोस." ते मुलाकडे बेंगळुरूला गेले. नकाशा त्यांच्यामागे बरेच दिवस भिंतीवर होता. मग नव्या प्रमुखांनी तिथे टीव्ही लावला.

गेल्या हिवाळ्यात ते हृदयविकारानं गेले. विभागाच्या व्हॉट्सॲप गटावर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मला रडू आलं नाही. काही हलल्यासारखंही वाटलं नाही. मी खाली जाऊन सकाळच्या बाटल्या पाहिल्या. दुपारी रामटेके काकांना फोन केला, कारण त्यांना कळायला हवं असं वाटलं. पलीकडून काकांच्या रडण्याचा आवाज आला. "माह्या जीवाचा धनी गेला मॅडम," ते म्हणाले.

त्या रविवारी त्यांनी वसाहतीतल्या विहारात सरांसाठी वंदना ठेवली आणि मला बोलावलं. न जाण्याचं काही कारण मला सापडेना. विहारात बुद्धाच्या मूर्तीसमोर एका स्टुलावर सरांचा फोटो होता, टाय घातलेला. काकांच्या नातवानं कॉलेजच्या संकेतस्थळावरून काढून छापून आणला होता. मेणबत्त्या लावल्या होत्या. ज्या दोघांवर मी उपचार केले होते तेही आले होते. मोडलेल्या लग्नाच्या मुलाचं आता लग्न झालं होतं, बायको कडेवर पोर घेऊन बसली होती. ज्या माणसानं यांच्यातल्या एकालाही हात लावला नसता त्याच्यासाठी ही माणसं डोळे मिटून, हात जोडून बसली होती.

वंदना झाली. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुमी तं त्याईच्या शिष्या. दोन शबद बोला."

मी उठले. सगळे माझ्याकडे बघत होते, काका तर लहान मुलासारखे. काचेखालचा तो हवेचा बुडबुडा माझ्या जिभेवर आला होता. तो तिथे फोडला असता तर कुणाचं काय भलं झालं असतं? आणि सर थोर होते असं म्हटलं असतं तर ते मला स्वतःलाच पटलं नसतं. या दोहोंच्या मधलं एक तरी वाक्य खरं असेल, ते मी शोधत उभी राहिले. माणसं वाट बघत राहिली. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं.

"सरांनी माझ्याकडून खूप वाचून घेतलं," मी शेवटी म्हणाले. "त्या वाचण्यात काकांची बिमारी होती. म्हणून मला ती ओळखू आली."

आणि खाली बसले.

काकूंनी थोडी वाट पाहिली, मी पुढे काही बोलेन म्हणून. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "बस? येवढंच?"

"एवढंच खरं आहे, काकू."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. काय समजल्या, किती समजल्या, मला माहीत नाही. खिरीची वाटी माझ्या हातात देत म्हणाल्या, "मंग पुरे झालं ना. खा."